ओटा काढून टाकणे

तालुक्याचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर उद्या कोणीतरी फोन करून म्हणेल, मॅडम, तुम्ही ऑफिसची बदनामी करता. गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिणेचं, धानाचं आणि तलावांचं एक तालुक्याचं गाव, एवढं पुरे. त्या गावच्या जुन्या तहसील कचेरीत एक लांबलचक हॉल आहे. आहे म्हणते, पण होता म्हणायला पाहिजे. भिंती त्याच आहेत, छप्परही तेच आहे. आत जे होतं ते गेलं, आणि ते माझ्या हातानं गेलं. हे लिहिताना मला रडू येत नाही, चीड येते. सगळ्यांची येते, पण सगळ्यात आधी माझी.

मी बांधकाम खात्यात आरेखक आहे. म्हणजे नकाशे काढते. आधी पेन्सिलीनं काढायची, आता कॉम्प्युटरवर काढते. इमारत कशी असावी हे मी ठरवत नाही, वरून जे ठरून येतं ते कागदावर उतरवते. हे वाक्य बावीस वर्षं मी मोठ्या तोऱ्यात सांगत आले. आता त्याच वाक्याच्या आड लपायची लाज वाटते.

कचेरी इंग्रजांच्या काळातली. कौलारू छप्पर, सागाच्या तुळया, चुन्यातल्या हातभर जाड भिंती. हॉलच्या एका टोकाला मोठं दार, दुसऱ्या टोकाला तहसीलदार साहेबाचं टेबल, आणि दारापासून टेबलापर्यंत एका भिंतीला धरून गुडघाभर उंचीचा दगडी ओटा. साठ फूट लांब. मी स्वतः मोजलाय. माणसं बसून बसून दगड इतके गुळगुळीत झालेले, की उन्हाळ्यात त्यावर पाठ टेकली तरी गार वाटायचं. ओट्याच्या कडेवर चार जागी छिन्नीनं मारलेल्या खाचा होत्या. त्या खाचांनी ओट्याचे पाच भाग पडत, आणि ते पाच भाग म्हणजे पाच गावं.

आमच्या मोठ्या तलावाची नहर या पाच गावांतून जाते. पावसानं दगा दिला, की धान वाचतो तो याच पाण्यावर. दरवर्षी पोळा उरकला, की या हॉलमध्ये पाणीबैठक व्हायची, आणि पाची गावचे लोक ओट्यावर नहरेच्या क्रमानं बसायचे. तलावाला लागून असलेलं गाव दाराशी. मग त्याच्या खालचं, मग त्याच्या खालचं. नहर जिथं संपते ते गाव टेबलाला खेटून. ज्याला पाणी आधी मिळतं तो दारात, आणि ज्याला शेवटी मिळतं तो साहेबाच्या कानाशी. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं. कोणी पाडलं, कधी पाडलं, कोणाला माहीत नाही. पण एकाही साहेबानं ते मोडलं नव्हतं.

साहेबाचा पहिला प्रश्न शेवटच्या गावाला असायचा: "पाणी पोचलं का?" शेवटचं गाव नाही म्हणालं, की साहेबाची मान वरच्या गावाकडे वळायची. तुम्ही किती दिवस घेतलं? मग त्याच्याही वरच्याकडे. खोटं बोलायची सोय नव्हती, कारण ज्याचं पाणी तुम्ही अडवलं तो तुमच्या मांडीला मांडी लावून बसलेला असायचा. भांडणं व्हायची, आवाज चढायचे, एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा, आणि दुपारपर्यंत पाणी कोणाला किती दिवस हे ठरून लोक चहा प्यायला बाहेर पडायचे.

माझं माहेर शेवटच्या गावात. नहरेचं पाणी जिथं दमून थांबतं तिथं आमचं शेत. त्यातली सगळ्यात खालची बांधी, म्हणजे धानाचं खाचर, तीन कोपऱ्यांची, तिला आम्ही तिकोनीच म्हणतो. तिकोनीच्या पलीकडे नहर नाही, जंगल लागतं. वडील गेल्यापासून शेती माय करते आणि पाणीबैठकीलाही तीच जाते. ओट्याचा शेवटचा दगड, ज्याचा एक कोपरा टेबलाच्या पायासाठी कापलेला होता, ती मायची जागा. माझ्या मायचा आवाज बारीक आहे. चार बायकांत बोलली तरी दोघींना ऐकू जात नाही. पण त्या दगडावर बसून ती नुसतं "नाई पोचलं जी" म्हणायची, आणि ते लिहून घेतलं जायचं. बैठकीला तिला उशीर झाला, एसटी चुकली, तरी तिची जागा कोणी घ्यायचं नाही. तिथं बसून सांगायचं काय, तर पाणी नाही. ते सांगायला वरच्या गावचा माणूस कशाला जाईल?

एवढं सगळं मला माहीत होतं. हे मुद्दाम लिहिते, कारण नंतर ऑफिसात सगळे म्हणाले, अरे, आम्हाला कल्पनाच नव्हती. त्यांना नसेल. मला होती.

'ऐतिहासिक सभागृहाचे नूतनीकरण व सुशोभीकरण' अशी फाइल आली. नागपूरहून एक सल्लागार लॅपटॉपवर रंगीत चित्रं घेऊन आला. स्टेज, पोडियम, फॉल्स सीलिंग, आरशासारख्या टाइल्स, काचेचं दार, एसी. ओट्याच्या भिंतीवर नागझिऱ्याचा वाघ, मागून लाइट लावलेला. सागाच्या तुळया फॉल्स सीलिंगखाली झाकायच्या, आणि त्या सीलिंगला सागासारखं दिसणारं प्लॅस्टिक लावायचं. त्याला तो हेरिटेज लूक म्हणत होता. माझे उपअभियंता साहेब गोंदियाजवळ फुलचूरला राहतात, रोज गाडीनं येतात. ते हॉलमध्ये उभे राहून म्हणाले, "हा चबुतरा कशाचा?"

"सर, ओटा आहे. पाणीबैठकीला गावचे लोक बसतात."

"वर्षातून किती वेळा?"

"एकदा."

"मग त्यांना खुर्च्या देऊ ना. जमाना कुठं गेला, मॅडम, आणि तुम्ही लोकांना दगडावर बसवता."

आणि मला ते पटलं! नुसतं पटलं नाही, आनंद झाला. ज्या मायनं जन्मभर चिखलात वाकून रोवणा केला, ती गादीच्या खुर्चीवर टेकून बसेल, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढं आलं. माझ्यासारख्या शेतातून ऑफिसात आलेल्या माणसांना एक रोगच असतो. आपल्याला खुर्ची मिळाली ती मानाची वाटते, आणि मग आपल्या माणसाला खुर्ची मिळाली म्हणजे मान मिळाला, असं आपण धरून चालतो. ओट्यावर मायला जो मान होता तो माझ्या डोळ्यांदेखत होता, तरी मला तो मान वाटला नाही. दगड वाटला.

नकाशात खुर्ची म्हणजे एक बारका चौकोन. एक काढायचा आणि त्याच्या ओळी करत जायच्या. पहिल्या ओळीच्या कडेचा एक चौकोन मी मनातल्या मनात मायला देऊन टाकला. साहेब म्हणाले, पहिल्या दोन ओळी मान्यवरांसाठी, तिथं सोफे टाका. मी मायला तिसऱ्या ओळीत नेलं. मग तिसरी आणि चौथी ओळ अधिकाऱ्यांसाठी आणि पत्रकारांसाठी ठरली. मी मायला आणखी मागं सरकवलं. मग मधून रस्ता मोठा करायचा ठरला, मग कॅमेऱ्याची जागा निघाली. शेवटी मी तिच्यासाठी चौकोन शोधायचा नाद सोडला. जागा भरपूर आहे, कुठंतरी बसेल, असं म्हटलं. आणि नकाशाच्या कडेला टिपांमध्ये टाइप केलं: 'जुना ओटा काढून टाकणे व जागा समतल करणे.' साहेबांनी सही केली, पण शब्द माझे.

ओटा काढायला दोन दिवस लागले. कंत्राटदार कौतुकानं म्हणाला, "मॅडम, पत्थर बहुत बढिया निकला है। फेंकने का दिल नहीं करता।" त्यानं ते दगड कचेरीच्या मागच्या बागेला कड म्हणून लावून टाकले. मी त्याला शाबासकीही दिली. वाया गेले नाहीत, म्हटलं.

मग उद्घाटन झालं. दाराशी काळ्या दगडाची पाटी बसली, तिच्यावर सोनेरी अक्षरांत 'ऐतिहासिक वारशाचे जतन'. जतन! पाटी वाचून लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. आज त्या पाटीसमोरून जाताना तिच्यावर चप्पल भिरकवावीशी वाटते.

त्या वर्षी पोळ्यानंतर पाऊस गेला तो गेलाच. धान गर्भात होता, लोंबी बाहेर पडायच्या बेतात. धानाला हेच दिवस कठीण. आठ-दहा दिवसांत एक पाणी मिळालं तर लोंबी भरते, नाही मिळालं तर नुसतं टरफल वाढतं. पाणीबैठक नव्या हॉलमध्ये लागली. एसीतून पाणी गळत होतं आणि माइक कुरकुरत होता, म्हणून साहेबांनी मला तिथं थांबायला सांगितलं. मी स्विचच्या बोर्डाशी उभी होते.

तलावाजवळच्या गावचे लोक सकाळीच येऊन बसले होते. त्यांच्यातले पांढऱ्या कपड्यांचे दोघे-तिघे सरळ सोफ्यावर. त्यांना कोणी बसा म्हटलं नव्हतं आणि उठा म्हणायची कोणाची छाती नव्हती. शेवटच्या गावची एसटी उशिरा आली. माय काचेच्या दारापाशी थबकली. टाइल्सची चमक पाहून तिनं चप्पल काढली आणि हातात घेतली. तिच्यामागून आलेल्या बायकांनीही काढल्या. मग त्या सगळ्या शेवटच्या ओळीत जाऊन बसल्या, कारण तेवढीच ओळ रिकामी होती. खुर्च्या सिनेमा टॉकीजसारख्या मिटणाऱ्या. मायच्या अंगात वजन ते कितीसं! ती जरा पुढं सरकली की खुर्ची मागून मिटायची. हातात चप्पल धरून ती पूर्ण बैठकभर त्या खुर्चीशी झगडत होती.

तहसीलदार नवीन होते, तीन महिन्यांपूर्वी आलेले. ते स्टेजवर बसले होते. त्यांनी माइकमध्ये विचारलं, "पाणी सगळ्यांना पोचलं ना?"

सोफ्यावरून आवाज आला, "पोचलं, साहेब. पोचून राहिलं आहे. आता तलाव बंद करा, उन्हाळ्याले पानी ठेवा."

माय उभी राहिली. तिची खुर्ची खाडकन मिटली. "नाई पोचलं जी," ती म्हणाली. मला ऐकू आलं, कारण मी तिची मुलगी आहे. बाकी कोणालाही ऐकू गेलं नाही. एसी घरघरत होता, वाघ भिंतीवर चमकत होता. ती परत बोलली. तिच्या पुढच्या माणसानं मागं वळून पाहिलं आणि म्हणाला, "बस ना वो काकू."

तहसीलदार म्हणाले, "मागं गडबड नको. ज्यांना काही अडचण असेल त्यांनी लेखी द्यावं."

तलावाचं दार दोन दिवसांनी बंद करायचं, असं ठरलं. टाळ्या पडल्या. माइक माझ्यापासून दहा पावलांवर होता. तो कसा चालू होतो, कसा बंद होतो, आवाज कसा चढतो, हे त्या हॉलमध्ये फक्त मला माहीत होतं. मी जागची हलले नाही. समोर माझे साहेब बसले होते.

बाहेर आल्यावर मायनं चप्पल जमिनीवर टाकून पायात घातली. माझा चेहरा पाहून म्हणाली, "कायले रडतं वो? खुर्ची तं नरम होती." तिचा हा स्वभावच. टोचायचं असलं की आधी गोड बोलते. मग म्हणाली, "हे सारं तुनं काढलं ना कागदावर? मंग तुह्या नकाशात आमी कुठी होतो?"

पहिल्या ओळीत होतीस, मग तिसऱ्या ओळीत होतीस, असं तिला काय सांगणार? मी म्हणाले, "माय, उद्या अर्ज दे."

"अर्ज वाचेपर्यंत धान थांबते काय?" एवढं बोलून ती एसटीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी ती गावच्या तीस-चाळीस लोकांना घेऊन परत आली. हॉलला कुलूप होतं. शिपायानं सांगितलं, हॉल पाहिजे तर तीन दिवस आधी परवानगी काढावी लागते. लोक चिडले. कोणीतरी सावलीसाठी मागच्या बागेत गेलं, आणि तिथून त्यानं हाका मारल्या. आमचं ऑफिस त्याच आवारात, मागच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर; मी तिथल्या खिडकीतून पाहिलं. सगळे बागेच्या कडेनं वाकून दगड तपासत होते. गवंड्यानं ते वाटेल तसे लावले होते, दाराशी असणारा दगड भलतीकडे, मधला टोकाला. लोक हातांनी खाचा चाचपत होते. "हा आपला नाई. हा वरच्या गावचा. हा पाहा, हा आपला." मायला कोपरा कापलेला दगड सापडला. ती त्यावर बसली. मावले तेवढे तिच्या बाजूनं बसले, बाकीचे पुढ्यात जमिनीवर, आणि त्यांनी वरच्या चार गावांच्या जागा तशाच मोकळ्या सोडल्या. कोणी काही घोषणा दिली नाही.

तहसीलदार गाडीकडे निघाले होते, ते पाहून थांबले. माझे साहेबही मागून आले. साहेबांनी विचारलं, "हे काय चालवलंय? अशी एवढी जागा सोडून काऊन बसले हे?"

तेवढ्यात मी जिना उतरले होते. कसा उतरले ते आठवत नाही, पण माझा आवाज साऱ्या आवारात घुमला हे आठवतं. मी तहसीलदारांकडे वळून म्हणाले, "सर, हा नहरेचा नकाशा आहे. ज्या जागा रिकाम्या आहेत त्या गावांनी पाणी घेतलं. जे बसलेत त्यांना मिळालं नाही. तुम्हाला आम्ही जो हॉल दिला त्यात हे दिसत नाही. तो मी काढला. ओटा काढून टाका असं मी लिहिलं. मला माहीत होतं आणि मी लिहिलं."

साहेब म्हणाले, "मॅडम, शांत व्हा. लोक पाहत आहेत."

"पाहू द्या. काल पण मी शांतच होते ना!"

 तहसीलदारांना राग आला असावा, पण तो त्यांनी गिळला. ते चालत बागेच्या टोकाला गेले आणि मायपुढं उभे राहिले. टेबल नव्हतं, पण ओट्याच्या टोकाला जिथं टेबल असायचं तिथंच ते येऊन थांबले, हे त्यांच्याही लक्षात आलं नसेल. त्यांनी विचारलं, "आजी, पाणी पोचलं का?"

"नाई पोचलं जी," माय म्हणाली. तोच बारीक आवाज.

त्यांनी तिथूनच फोन लावला. तलावाचं दार आणखी चार दिवस उघडं राहिलं. वरच्या गावांनी चारपैकी तीन दिवस आपल्याच बांध्या भरल्या, कारण दिवस ठरले पण कोणाचे किती ते ठरलं नव्हतं. ते ठरवायला पाची गावं एका ओट्यावर लागतात. चौथ्या दिवशी पाणी आमच्या शेताच्या धुऱ्याला, बांधाला लागलं. माय फावडं घेऊन दिवसभर पाण्याच्या मागं होती. आमच्या वरच्या बांध्या भरल्या. तिकोनीपर्यंत पाणी आलं नाही.

मला नोटीस मिळाली, वरिष्ठांशी चारचौघांत असभ्य वर्तन केल्याबद्दल. मी उत्तर दिलं, ते फाइलला लागलं. तो वाघ अजून भिंतीवर आहे. एसी अजून गळतो.

धान निघाल्यावर माय ऑफिसात आली. नव्या तांदळाची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. मग पदराची गाठ सोडून तिनं लोंब्यांची एक जुडी काढली आणि पिशवीच्या बाजूला ठेवली. पिवळी, सरळ उभी जुडी. भरलेली लोंबी वाकते. या एकाही लोंबीला वाक नव्हता.

"हा तांदूळ ठेव घरी," ती म्हणाली. "आन् हे तिकोनीचं आहे. हे तुह्या खुर्चीचं."

माझ्या टेबलावर तेव्हा नवीनच फाइल आली होती. शेजारच्या तालुक्याच्या कचेरीचा जुना हॉल. आमच्या हॉलचं काम वरच्या साहेबांना इतकं आवडलं, की तोच नकाशा तिथं लावायचा होता. साहेबांनी चिठ्ठी जोडली होती: 'पूर्वीप्रमाणेच.' माय गेल्यावर मी तो नकाशा पसरला आणि ती जुडी सोडून लोंब्या त्यावर ठेवल्या, नेमकी तिथं, जिथं टिपा सुरू होतात. शिपायानं येऊन पंखा लावला. लोंब्यांत दाणाच नव्हता, वजन कुठून असणार? त्या नकाशावरून उडाल्या आणि खाली पसरल्या. मी टेबलाखाली गुडघ्यांवर बसून एक-एक वेचत होते, तेव्हा साहेब आत आले आणि म्हणाले, "काय हो मॅडम, काही हरवलं का?"